राखीव हवेचा हिशेब

पाण्याच्या बाटलीहून थोडा मोठा सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावरच बसवलेला, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर. ‘स्पेअर एअर’ या नावाने हा प्रकार कित्येक दशके जगभर विकला जातो आहे आणि आता त्याच्या स्वस्त नकला घरबसल्या मागवता येतात. स्कुबा डायव्हिंग करताना पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरने दगा दिला, तर हा छोटा तोंडात धरायचा आणि वर यायचे, एवढीच त्यामागची कल्पना. साधी आहे म्हणून ती चटकन पटते. हिशेब मांडला की मात्र वेगळेच दिसते. ज्या खोलीवर ही बाटली पुरते, तिथे तिच्यावाचून फारसे अडत नाही. आणि जिथे अडते, तिथे ती पुरत नाही.

पानिपतला राहून मी हे लिहितो आहे याचे कोणाला नवल वाटेल. समुद्र इथून फार लांब. पण इथली मराठी माणसे सुट्टीत दिल्लीहून विमानाने गोव्याला, मालवणला, अंदमानला जातात, पाण्याखाली एकदा श्वास घेऊन येतात आणि परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो की अशी एक बाटली जवळ असलेली बरी ना? बॅगेत मावते, घरच्यांना धीर वाटतो. शिवाय संकटकाळच्या हवेचा प्रश्न पानिपतला आपल्या परीने ठाऊक आहे. एका बाजूला रिफायनरी आहे, दुसऱ्या बाजूला माणसे गिळणारे कालवे आहेत. त्या दोन्हींकडे मी पुढे येणार आहे, कारण या बाटलीचा खरा अर्थ मला समुद्रापेक्षा तिथे जास्त कळला.

आधी आकडे. या बाटलीच्या मोठ्या मॉडेलमध्ये तीन घनफूट, म्हणजे साधारण ८५ लिटर हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. पाठीवरच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ती सुमारे २२०० लिटर असते. उत्पादक ८५ लिटरचे ५७ श्वास होतात असे सांगतो, आणि ते खोटे नाही. पण ते पृष्ठभागावरचे श्वास आहेत. पाण्यात दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते, ३० मीटरवर चौपट. म्हणजे ५७ चे झाले १४. तेही शांतपणे घेतलेले, दीड-दीड लिटरचे. हवा संपल्याचे कळलेला माणूस शांत श्वास घेत नाही. त्याचा श्वास खोल जातो, वेग वाढतो, आणि निवांतपणी मिनिटाला १५-२० लिटर हवेवर भागवणारा हाच डायव्हर ३० किंवा ४० लिटर ओढू लागतो. ३० मीटरवर ४० लिटरच्या दराने ८५ लिटर हवा अर्ध्या मिनिटात संपते.

अर्ध्या मिनिटात ३० मीटर वर येणे म्हणजे मिनिटाला ६० मीटरचा वेग. आज शिकवला जाणारा सुरक्षित वेग मिनिटाला सुमारे ९ मीटर आहे. त्या वेगाने ३० मीटर चढायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला ३० लिटर धरले आणि वाटेतला सरासरी दाब अडीच बार मानला, तरी चढतानाच २५० लिटर जातात. त्याआधी गडबड उमगणे, बाटली काढणे, जोडीदाराकडे पाहणे यात तळाशी एखादे मिनिट गेले, तर आणखी १२० लिटर. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घ्यायचा म्हटले, तर शंभरावर लिटर आणखी. बेरीज पाचशेच्या आसपास जाते. आणीबाणीत थांबा सोडून देता येतो, तरी पावणेचारशे लिटर लागतातच आणि हातात आहेत ८५. १८ मीटरवरून यायचे तर याच हिशेबाने सुमारे २०० लिटर हवेत. १० मीटरवर मात्र आकडे जुळू लागतात. तळाशी अर्धे मिनिट आणि वर यायला मिनिटभर, मिळून ८० लिटर. म्हणजे बाटलीची खरी हद्द १० मीटर, तीही काठोकाठ.

मालवण-तारकर्लीला पर्यटकांचे स्कुबा बहुतेक याच हद्दीच्या आत चालते. तिथे पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला प्रशिक्षक हाताने धरून ठेवतो. बुडणे-तरंगणेसुद्धा त्याच्याच ताब्यात असते. हवा बंद पडलीच तर प्रशिक्षकाच्या अंगावर दुसरा रेग्युलेटर असतो, ज्याला डायव्हर ऑक्टोपस म्हणतात. शिकलेला डायव्हर तर एवढ्या खोलीवरून सावकाश श्वास सोडत एका दमात वर येऊ शकतो. तसा सरावच त्याच्याकडून करून घेतलेला असतो. चढताना आजूबाजूचा दाब कमी होत जातो, त्यामुळे रिकामा वाटणारा सिलिंडरही आणखी एखाद-दोन श्वास देतो. मग बाटलीला उरलेले काम किती?

याच किनाऱ्यावर २४ मे २०२२ रोजी स्कुबा करून पर्यटकांना परत आणणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालची हवा तेव्हा कोणाची संपली नव्हती. बोटीची स्थिती, तीत बसवलेल्या माणसांची संख्या, अंगावरचे जॅकेट, हवामान पाहून ‘आज नको’ म्हणण्याची हिंमत, हे मालवणच्या स्कुबातले जिवावरचे प्रश्न आहेत. पर्यटकाने बाटलीचे पैसे खर्चायच्या आधी बोटीत चढताना आपल्याला नीट बसणारे लाइफ जॅकेट मागून घ्यावे.

आता त्या एका वाक्याकडे येतो, ज्यावर ही सगळी विक्री उभी आहे: ‘काहीच नसण्यापेक्षा बरे.’ हे मला हसण्यावारी न्यायचे नाही. घाबरलेल्या माणसाला दहा श्वास मिळाले, तर तो चार हातांवरच्या जोडीदारापर्यंत पोहोचू शकतो. पहिल्या दोन श्वासांत डोके ठिकाणावर येते आणि मग तो करायचे ते करतो. कोकणात खडकांवर तुटलेली जाळी अडकून पडलेली असतात. ८ मीटरवर जाळ्यात पाय गुंतला आणि पाठीवरची हवा संपत आली, तर ही बाटली दीडेक मिनिट देईल. पण त्या दीड मिनिटात जाळे कापायला सुरी लागेल, आणि सुरी असती तर पाठीवरची हवा असतानाच पाय सुटला असता.

‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ यातली मेख अशी की जवळ ती वस्तू असताना माणूस ‘काहीच नाही’ असे समजून वागत नाही. कमरेला बाटली लावलेला डायव्हर पाच मीटर अधिक खोल जातो, जोडीदारापासून थोडा अधिक दूर राहतो, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे जरा उशिरा बघतो. हे कोणी मुद्दाम करत नाही, होऊन जाते. अमेरिकेतल्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या नोंदींमधून १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास झाला होता. अनर्थाची सुरुवात कशाने झाली हे जिथे ठरवता आले, त्यात ४१ टक्के वेळा उत्तर ‘हवा अपुरी पडणे’ हे होते. अडकणे २० टक्के, आणि साधनांची गडबड १५ टक्के. हे आकडे बाटलीच्या बाजूचे वाटतात. पण नीट पाहिले तर ते गेजच्या बाजूचे आहेत. बहुतेक वेळा हवा यंत्र मोडून नाहीशी होत नाही, ती डायव्हरच्या डोळ्यांदेखत संपत जाते आणि तो बघत नसतो. रेग्युलेटर बिघडलाच तर बहुधा उघडाच राहतो. भसाभस हवा सुटते, सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो, पण तोपर्यंत त्यातून श्वास घेता येतो. ज्याने पाठीवरच्या २२०० लिटरचा हिशेब ठेवला नाही, त्याला आणखी ८५ देऊन हिशेबाची सवय लागत नाही.

डायव्हिंगच्या इतिहासात हा धडा एकदा गिरवून झाला आहे. प्रेशर गेज सर्रास वापरात येण्याआधी सिलिंडरला ‘जे व्हॉल्व्ह’ असे. हवा एका ठरावीक दाबाखाली गेली की श्वास जड होई. मग डायव्हरने दांडी ओढली की अडवून ठेवलेली शेवटची हवा मोकळी व्हायची. कागदावर उत्तम व्यवस्था. पण ती दांडी कधी खडकाला लागून, कधी बोटीतून उतरताना धक्का बसून आधीच ओढली जाई. राखीव हवा नकळत श्वासात वापरली जाई आणि श्वास जड झाल्यावर दांडी ओढायला जावे तो पुढे काहीच नाही. आपल्यापाशी राखीव आहे या समजुतीवर माणूस तळाशी थांबलेला असे. गेज आले आणि हा प्रकार मागे पडला. छोटी बाटलीही तशीच फसवू शकते. बॅगेत महिनोन्‌महिने पडून तिचा दाब उतरलेला असतो, रेग्युलेटरच्या तोंडात वाळू शिरलेली असते, आणि ती तपासायची आठवण मोठ्या सिलिंडरइतकी होत नाही.

राखीव म्हणजे काय, हे पानिपतात राहून विसरता येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी अब्दालीने मागे ठेवलेली ताजी फौज लढाईत उतरवली. भाऊसाहेबांकडे उतरवायला तसे काही शिल्लक नव्हते. लढाईआधीच्या आठवड्यांत रसद तुटून अन्न संपले होते आणि माणसे सकाळपासून झुंजत होती. हारण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. मला त्यातून इथे एवढेच घ्यायचे आहे: राखीव फौज वेगळी उभी ठेवावी लागते, मुख्य फौज कोसळली तरी तिच्यावर आच येता कामा नये, आणि ती निकाल फिरवण्याइतकी मोठी असावी लागते. पन्नास घोडेस्वार राखून ठेवले, तर त्याला राखीव म्हणता येत नाही. छोट्या बाटलीला मी पहिल्या दोन कसोट्यांवर पूर्ण गुण देतो. ती वेगळी आहे, तिचा रेग्युलेटर स्वतंत्र आहे. या बाबतीत ती जोडीदाराच्या ऑक्टोपसपेक्षाही सरस आहे, कारण जोडीदार दूर असू शकतो. नापास होते ती तिसऱ्या कसोटीवर.

मग ही बाटली बनवणारे चुकले का? नाही. तिची जागा वेगळी आहे. समुद्रात कोसळलेले हेलिकॉप्टर वर इंजिनाचे वजन असल्याने बहुधा लगेच उलटे होते. आतला माणूस पट्ट्यात अडकलेला, पाणी नाकातोंडात, दिशा हरवलेली, खोली दोन-तीन मीटर. त्याला दहा-वीस सेकंद जास्त मिळाले, तर खिडकी ढकलून तो बाहेर पडू शकतो. अमेरिकन नौदलाने अशा छोट्या बाटल्या हेलिकॉप्टरच्या कर्मचाऱ्यांना १९८० च्या दशकातच दिल्या. ब्रिटनमध्ये २३ ऑगस्ट २०१३ रोजी शेटलँडजवळ तेलक्षेत्रातल्या कामगारांचे हेलिकॉप्टर समुद्रात पडून १८ पैकी चौघे गेले. त्यानंतर तिथल्या विमान प्राधिकरणाने प्रवाशांना पाण्यातही चालू करता येईल असे श्वसनसाधन देणे सक्तीचे केले. आपल्याकडे २८ जून २०२२ रोजी मुंबई हायमध्ये ओएनजीसीच्या माणसांना नेणारे हेलिकॉप्टर समुद्रात उतरले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. कोणी कशाने वाचले असते हे बाहेरून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या बाटलीसाठी भांडायचेच असेल, तर मुंबई हायला हेलिकॉप्टरने ये-जा करणाऱ्या कामगारांसाठी भांडावे. दोन मीटरवर ८५ लिटर ही श्रीमंती आहे.

पानिपतच्या रिफायनरीसारख्या ठिकाणी हाच विचार जमिनीवर दिसतो. कच्च्या तेलातले गंधक काढताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेत दहा लाखांत शंभर भाग झाला की थोड्याच वेळात त्याचा वास येणेच बंद होते, आणि गेला असे समजून माणूस तिथेच थांबतो. म्हणून अशा कारखान्यांत दहा-पंधरा मिनिटांचे एस्केप सेट ठेवतात. भोंगा वाजला की डोक्यावर हूड ओढायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचे. पडलेल्या सहकाऱ्याला आणायला तो घालून आत जायचे नाही. त्यासाठी पाठीवरचा मोठा सेट आणि शिकलेली माणसे वेगळी. जहाजांवरच्या अशाच साधनांबाबत आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे: किमान दहा मिनिटे चालले पाहिजे, आणि ते आग विझवायला किंवा प्राणवायू नसलेल्या टाकीत शिरायला वापरायचे नाही. इथे कोणीतरी आधी वाट मोजली, मग हवा ठरवली. स्कुबाच्या दुकानात मात्र आधी बाटली विकतात आणि वाट मोजायचे काम गिऱ्हाइकावर सोडतात.

कालव्यांचे सांगितले पाहिजे, कारण तिथे ही बाटली मला थेट घातक वाटते. पश्चिम यमुना कालव्याचे दिल्लीकडे जाणारे पाणी पानिपतजवळून वाहते. त्यात गाड्या पडतात, पोरे पोहायला उतरतात, कोणी जीव द्यायला येतो. शोधायला जे गोताखोर उतरतात त्यांतले पुष्कळ जण नुसता श्वास रोखून बुडी मारतात. पाणी गढूळ, हाताला लागेल तेच दिसणार, ओढ जबरदस्त. त्यांचे काम पाहिलेल्या कोणालाही वाटेल की यांना निदान एक छोटी बाटली तरी द्या. कोणी दानशूर माणूस उद्या देईलही. पण श्वास रोखून बुडी मारणाऱ्याच्या छातीत पृष्ठभागावरचीच हवा असते. खाली ती आकसते आणि वर येताना पुन्हा तेवढीच होते. तोच माणूस ५ मीटरवर बाटलीतून छातीभर दाबाची हवा घेऊन, आयुष्यभराच्या सवयीने श्वास रोखून वर आला, तर सहा लिटरची हवा नऊ लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जातात. दीड-दोन मीटरवरूनही हे घडू शकते. वर येताना श्वास सोडत राहायचे, हा स्कुबाचा पहिला नियम. ज्याचे सगळे कसब श्वास धरण्यात आहे त्याच्या हाती हा नियम न शिकवता बाटली देणे म्हणजे त्याच्या कसबालाच त्याच्यावर उलटवणे. या गोताखोरांना द्यायचेच तर प्रशिक्षण द्यावे, दोर धरणारा दुसरा माणूस द्यावा, पूर्ण सिलिंडर द्यावा, आणि शोध चालू असताना पाणी कमी करून देण्याची व्यवस्था पाटबंधारे खात्याने करावी.

स्वस्त नकलांबरोबर हातपंप येतो, त्याबद्दलही दोन शब्द. २०० बार दाबाचा सिलिंडर ही घरी खेळायची वस्तू नाही. भारतात असे सिलिंडर २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यांची मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी व्हावी लागते आणि आत जाणारी हवा तेल, ओल आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून मुक्त असावी लागते. गॅलरीत बसून पंप मारणाऱ्याला यातले काहीच तपासता येत नाही. भरलेला सिलिंडर विमानातही नेता येत नाही. म्हणजे दिल्लीहून निघालेली बाटली रिकामीच पोहोचणार आणि मालवणला ती भरून देणारा शोधावा लागणार.

मग राखीव हवा घ्यावी की नाही? घ्यावी, पुरेशी घ्यावी. त्यासाठी पोनी सिलिंडर असतो: मुख्य सिलिंडरच्या कडेला किंवा छातीशी आडवा बांधलेला, स्वतःचा रेग्युलेटर आणि स्वतःचे गेज असलेला. १३ घनफुटांच्या पोनीत सुमारे ३७० लिटर हवा असते, १९ घनफुटांच्या पोनीत सुमारे ५४०. युरोपात चालणारा तीन लिटरचा पोनी २०० बारला ६०० लिटर देतो. वर काढलेली ३० मीटरची पाचशेच्या आसपासची बेरीज १९ घनफुटांत थांब्यासकट बसते. १३ घनफुटांत थांबा सोडून, तोही जेमतेम. वजन वाढते, पाण्यात ओढ वाढते, बोटीवर एक नग जास्त सांभाळावा लागतो. हे सगळे खरे आहे. पण ही गैरसोय त्याच माणसाने सोसायची आहे जो खोल जाणार आहे, एकटा पडू शकतो, किंवा फोटो काढण्याच्या नादात जोडीदाराला विसरतो. उथळ पाण्यात, चांगल्या जोडीदारासोबत, दर दोन-चार मिनिटांनी गेज बघणाऱ्याला पोनीचीही गरज नाही. पोनी वापरायचा तर प्रत्येक बुडीच्या हिशेबातून त्याला बाहेर ठेवायचे. त्याच्या भरवशावर दोन मिनिटे जास्त थांबला, की तो राखीव राहिला नाही. गुहेत जाणारे डायव्हर हवेचे तीन भाग करतात, एक जायला, एक यायला आणि एक न घडलेल्या गोष्टीसाठी, ते याच शिस्तीने.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला लवकरच जास्त लागू होणार आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे प्रवाळांचे पठार आहे. त्याचा उथळ माथाच वीस मीटरच्या आसपास सुरू होतो, म्हणजे तिथे बुडी मारणारा पहिल्या मिनिटापासून बाटलीच्या हद्दीबाहेर असतो आणि किनारा तासन्‌तास दूर. दुसरीकडे, नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही नौका निवती खडकाजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. जहाजाच्या पोटात शिरणाऱ्या डायव्हरच्या डोक्यावर पोलाद असते. सरळ वर येणे ही सोय तिथे नाही. आधी दार गाठायचे, मग वर यायचे. तिथे माणसे पाठवणाऱ्यांसाठी नियम लिहिताना आत जाणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाकडे आणि शिकलेल्या डायव्हरकडे स्वतंत्र राखीव हवा असावी, ती किती लिटरची हे खोली आणि दारापर्यंतचे अंतर मोजून ठरवावे, आणि तिचा दाब बोट सुटण्याआधी वहीत लिहावा. पोनी भाड्याने मिळण्याची सोय मालवणातच झाली पाहिजे, म्हणजे कोणी विमानाच्या बॅगेत मावते म्हणून ८५ लिटरवर समाधान मानणार नाही. आणि ज्या पर्यटकाने पूर्वी कधी बुडी मारलेली नाही, त्याला जहाजाच्या आत नेण्याची परवानगी कोणत्याही बाटलीच्या जोरावर देऊ नये.